ख्रिस्ती प्रार्थनेत सारखं ‘मी पापी, मी अपात्र’ का म्हणतात? स्वतःला कमी लेखल्याशिवाय देव ऐकत नाही का?

तुम्ही पुढे असंही विचारलंय की सगळं देवावरच सोपवायचं, तर माणसानं हातपाय हलवायचे कशाला. आणि आपला विश्वास अर्धामुर्धाच आहे, हेही मोकळेपणानं लिहिलंय. आधी पहिला प्रश्न घेतो, कारण तो चर्चमध्ये वाढलेल्या आमच्यासारख्यांनाही छळतो.

बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्राच्या पुस्तकात, 18व्या अध्यायात येशूचा एक दाखला आहे. एक परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला) आणि एक जकातदार (रोमी सत्तेसाठी कर गोळा करणारा, म्हणून लोकांच्या लेखी पापी) मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी देवाचे आभार मानतो की मी इतरांसारखा नाही. आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो. जकातदार लांबच उभा राहतो. त्याची नजरही वर होत नाही. ऊर बडवत तो एवढंच म्हणतो की देवा, माझ्यासारख्या पाप्यावर दया कर. येशू सांगतो, देवाच्या दृष्टीनं नीतिमान ठरून घरी गेला तो हा.

यावरून बरेच जण समजतात की देवाला स्वतःची निंदा करणारे आवडतात. मला ते पटत नाही. परूशी खोटं बोलतोय असं येशू कुठेच म्हणत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मनियमांत, वर्षातून एकच उपास सांगितलाय, प्रायश्चित्ताच्या दिवशी. हा गृहस्थ आठवड्याला दोन करायचा! पण त्याची प्रार्थना पुन्हा वाचा, त्यात एकही मागणी नाही. देवाकडून त्याला काही नकोच होतं, तो हिशेब दाखवायला आला होता. जकातदाराजवळ दाखवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो मागू शकला. माझ्या मते प्रार्थनेतली नम्रता एवढ्यावरूनच ओळखावी: मागायला हात पुढे होतो की नाही.

येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना बघा. ‘मी क्षुद्र’ असं त्यात एकदाही येत नाही. जवळजवळ सगळ्या मागण्याच आहेत, आणि भाकर मागायची तीसुद्धा आजची. इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवानं रोज पुरवलेलं अन्न, मिळायचा तेव्हा तो सकाळपर्यंत उरवून ठेवला की त्यात किडे पडायचे. शब्बाथापुरती, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसापुरती, तेवढी सूट होती. रोजच्या रोज देवाच्या तोंडाकडे बघायची सवय तिथपासूनची. शिवाय दार लावून एकट्यानं म्हटली तरी तिच्यात ‘आमची भाकर’, ‘आमची पापं’ असंच येतं. शेजाऱ्यापेक्षा मी बरा, असं म्हणायला जागाच नाही.

याउलट आपण किती नालायक आहोत हे चारचौघांत लांबण लावून सांगणारे लोकही भेटतात. (कधीकधी तर त्यात चढाओढ लागते.) मला त्यात परूश्याचाच धाकटा भाऊ दिसतो, तिथंही लक्ष स्वतःवरच असतं. आणि कुणी छळ सोसणाऱ्या माणसाला ‘नम्र हो, गप्प राहा’ असं सांगत असेल, तर त्याचा या नम्रतेशी काही संबंध नाही. ही देवापुढची गोष्ट आहे, छळणाऱ्यापुढची नव्हे.

देवावर विसंबणं म्हणजे आपली इच्छा मारून टाकणं, असाही समज असतो. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं आधी स्पष्ट मागितलं की हा प्याला, म्हणजे पुढचं दुःख, माझ्यावरून टळू दे. मग म्हटलं, तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आधीचं वाक्य गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारली की प्रार्थना सभ्य होते, पण खरी राहत नाही. पहिल्या मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित पौल, त्यानंही आपल्या शरीरातला ‘काटा’, म्हणजे कसलासा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवलं. तो काटा कोणता, हे त्याच्या पत्रात सांगितलेलं नाही. काटा राहिलाच, त्याला उत्तर मिळालं ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढंच. हे पचवणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही.

हातपाय हलवण्याचं उत्तर नहेम्याच्या पुस्तकात आहे. नहेम्या हा पारसच्या राजाच्या चाकरीतला यहुदी, त्याला यरुशलेमला जाऊन ते पुन्हा बांधायचं होतं. राजानं काय हवंय विचारल्यावर तो मनात प्रार्थना करतो आणि लगेच रजा, वाटेतल्या अधिकाऱ्यांसाठी पत्रं, राजाच्या रानातलं लाकूड, सगळं मागून घेतो. पुढे यरुशलेमचा तट बांधताना शत्रू चालून यायला निघाले, तेव्हा लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत.

राहता राहिला तुमचा अर्धामुर्धा विश्वास. ‘पापी’ हा शब्द ओठांवर येत नसेल तर ओढूनताणून म्हणू नका, जे हवंय ते मागा. मार्कच्या शुभवर्तमानात, 9व्या अध्यायात, एक बाप आजारी मुलाला येशूकडे आणतो आणि म्हणतो, तुम्हांला काही करता येत असेल तर करा. येशू त्या ‘असेल तर’वर बोट ठेवतो. तेव्हा बाप ओरडून म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. विश्वास पुरता बसेपर्यंत येशूनं त्याला थांबवलं नाही. मुलाला तिथल्या तिथं बरं केलं.