लेकीला गाण्यांचं मिक्सिंग शिकायचंय, साडेतीन लाख भरू का?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मिरजेत तुमचं तंबोऱ्यांचं दुकान, मुलगी सांगलीला एसवायबीएस्सीला, फिजिक्स घेऊन, मार्क बरे, आणि वर्षभर तिने एकच धरून ठेवलंय की मला गाण्यांचं मिक्सिंग शिकायचंय. रात्री दोन वाजेपर्यंत हेडफोन लावून एकच गाणं पन्नास वेळा ऐकते. पुण्यातल्या एका खासगी इन्स्टिट्यूटने वर्षाच्या कोर्सचे साडेतीन लाख सांगितलेत, कॉलेज सोडून आत्ताच ये म्हणतायत, आणि तुम्ही विचारलंय की बटणं फिरवायला एवढे पैसे कशाला आणि यात पुढे पोट भरतं का.

सरळ सांगते, साडेतीन लाख आत्ता भरू नका आणि कॉलेज तर अजिबात सोडू देऊ नका. पण "पोरीच्या डोक्यात खूळ शिरलंय" असं जे लिहिलंय ना, ते मला पटलं नाही, आणि का पटलं नाही ते तुम्हाला तुमच्याच धंद्यातून सांगता येईल.

तुम्ही तंबोऱ्याला जवारी लावता, म्हणजे तारेचा घुमारा जमवता, तेव्हा काय करता? तारा जिच्यावर टेकतात ती घोडी थोडी घासता, तार छेडता, ऐकता, परत घासता, तारेखालचा दोरा केसभर सरकवता, परत ऐकता. एखादा गवई खुली जवारी मागतो, एखादा बंद मागतो, आणि तुम्हाला दोघांसाठी वेगळं ऐकावं लागतं. तिथं कुठलं मीटर लावत नाही तुम्ही. हे शिकायला तुम्हाला किती वर्षं लागली, ते तुम्हीच आठवा. पोरगी लहानपणापासून त्याच दुकानात बसून हेच ऐकत मोठी झालीय, आणि आता हेडफोन लावून तेच करतेय, तिच्यासमोर लाकडाच्या घोडीऐवजी स्क्रीन आहे एवढंच.

आता मिक्सिंग म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण बऱ्याच आईवडलांना रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग एकच वाटतं. रेकॉर्ड झालेले वेगवेगळे आवाज एका गाण्यात नीट बसवायचे, ते मिक्सिंग. पूर्वी एक-दोन माईकवर सगळे वादक एकत्र वाजवायचे आणि कोणाला माईकच्या जवळ बसवायचं, कोणाला लांब, यातच निम्मं मिक्सिंग होऊन जायचं. मग टेपवर वेगवेगळे ट्रॅक आले, म्हणजे आवाजांच्या सुट्या पट्ट्या. १९६७ साली लंडनमध्ये बीटल्स या बँडचं गाजलेलं काम चार ट्रॅकच्या मशीनवर झालं, चार भरले की ते दुसऱ्या मशीनवर एकत्र करायचे आणि पुढे जायचं, म्हणजे कशाचा आवाज किती ठेवायचा हे तिथल्या तिथं ठरवून टाकावं लागायचं, नंतर बदलायची सोय नाही. आज लॅपटॉपवर शंभर ट्रॅक सहज चालतात आणि कुठलाच निर्णय कधी पक्का करावा लागत नाही. सोय खूप झाली पण माझ्या मते शिकणाऱ्याचं नुकसानही इथंच होतं, कारण मुलं ठरवायचंच टाळतात, नुसते प्लगइन, म्हणजे आवाज बदलणारी जोड-सॉफ्टवेअरं, लावत बसतात.

एक प्रसंग सांगते. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात स्टुडिओत काम करतो, त्याच्या शेजारी मी एक अख्खा दिवस बसले होते. अभंग होता. गायक, हार्मोनियम, पखवाज, टाळ, मागे कोरस. सगळं सुरेल रेकॉर्ड झालेलं, पण एकत्र लावलं की शब्दच कळेनात. मला वाटलं हा आता गायकाचा आवाज वाढवणार. त्याने तिकडे हातच लावला नाही. हार्मोनियममधला दोन ते तीन हजार हर्ट्झचा पट्टा थोडा खाली घेतला, कारण आपल्या बोलण्यातली व्यंजनं साधारण त्याच भागात उमटतात आणि पेटी नेमकी तिथं बसली होती. टाळ मधून काढून डावीउजवीकडे नेले. कोरसला थोडा जास्त रिव्हर्ब (खोलीतल्यासारखा घुमणारा पडसाद) दिला, म्हणजे ती माणसं दोन पावलं मागे उभी आहेत असं वाटायला लागलं. आणि शब्द आपोआप पुढे आले, गायकाचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, होता तिथंच होता! मी विचारलं हे सुचलं कसं, तर म्हणाला, अभंगात शब्द मोठा, मग बाकीच्यांनी त्याला वाट द्यायची. लावणी असती तर मी ढोलकीला पुढे घेतलं असतं.

दादा, हीच ती विद्या. ईक्यू (आवाजातला एखादा पट्टा वरखाली करणं), कंप्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणं), पॅनिंग (आवाज डावीउजवीकडे नेणं) ही अवजारं महिन्या-दोन महिन्यांत कळतात, इंटरनेटवर फुकटसुद्धा कळतात. या गाण्यात मोठं कोण आणि त्याच्यासाठी कोणी मागे सरायचं, हे ठरवायला गाणं कळावं लागतं, शब्द कळावे लागतात, त्या वाद्याचा खरा आवाज कानात असावा लागतो. ज्याने तंबोरा समोर बसून कधी ऐकलाच नाही तो रेकॉर्डिंगमधला तंबोरा कसा बसवणार? तुमच्या लेकीकडे ही पुंजी आहे, ती साडेतीन लाखात कुठं मिळत नाही.

कानाचीही एक गंमत तिने समजून घ्यावी, फिजिक्सची आहे म्हणून मुद्दाम लिहिते. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात, आवाज वाढवला की तेच भरदार वाटतात. म्हणून मोठ्याने लावलं की कुठलंही मिक्स छान वाटतं, आपलंही! तिने बराच वेळ हळू आवाजात काम करायची सवय लावावी. हळू आवाजात शब्द आणि ठेका दोन्ही टिकले तर मिक्स बरं जमलंय समजायचं.

आणि थांबायचं कधी, हे सगळ्यात अवघड. ब्रूस स्वीडियन हा मायकल जॅक्सनचा इंजिनिअर, त्याने स्वतःच सांगितलेलं आहे की १९८२ च्या 'बिली जीन' गाण्याची त्याने ९१ मिक्स केली आणि शेवटी घेतलं गेलं ते दुसरं. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसालाही आपण पुढे निघून गेलोय हे कळायला मागे वळून ऐकावं लागलं. एकच गाणं पन्नास वेळा ऐकणाऱ्या मुलीला हे नक्की सांगा.

आता शिक्षणाचं. कॉलेज सोडू नका म्हणते त्याचं कारण पुण्याची एफटीआयआय, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट. तिथं साऊंड रेकॉर्डिंग आणि साऊंड डिझाईनचा तीन वर्षांचा कोर्स आहे, त्याला ग्रॅज्युएशन लागतं, प्रवेश परीक्षा असते, जागा मोजक्या असतात. सायन्सवाल्यांना तिथं फायदा आहे, तरी अटी आणि फी त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा. कोलकात्याला सत्यजित राय फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथंही साऊंडचा विभाग आहे. २००९ साली साऊंड मिक्सिंगचं ऑस्कर मिळालेले रसूल पुकुट्टी एफटीआयआयचेच. पण एक फरक लक्षात घ्या, या दोन्ही संस्थांचा भर सिनेमाच्या आवाजावर आहे, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे सगळे आवाज एकत्र बसवणं. नुसत्या गाण्यांचं मिक्सिंग हा जवळचा पण वेगळा रस्ता आहे. पूर्वी आपल्या परळच्या राजकमल स्टुडिओत मंगेश देसाई होते, 'पाकीजा', 'शोले' यांचं मिक्सिंग त्यांचं, सत्यजित राय यांनीसुद्धा आपल्या चित्रपटांचं काम त्यांच्याकडून करून घेतलं. हे नाव घरोघरी माहीत असायला हवं होतं असं मला फार वाटतं.

पदवीला अजून दीड वर्ष आहे, तेवढ्यात घरबसल्या बरंच होतं. रीपर नावाचं रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरता येतं, नंतर वैयक्तिक वापराचं लायसन्स ६० डॉलरला आहे. केंब्रिज एमटीच्या साईटवर शेकडो गाण्यांचे सुटे ट्रॅक सरावासाठी फुकट मिळतात. तिने त्यातलं एक गाणं घ्यावं आणि पहिला आठवडा फक्त फेडर आणि पॅन वापरून मिक्स करावं, दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. हे कंटाळवाणं वाटतं, पण ज्या मुलांनी हे केलं त्यांचे कान पुढे फार लवकर तयार झाले असं मी बघितलंय. आणि खोलीत गाद्या, गोधड्या, पुस्तकांची कपाटं भिंतीला लावून घ्या, महागडा फोम नंतर बघू.

शिवाय तुमच्या गावासारखं गाव कोणाला मिळतं हो! दर्ग्याच्या उरुसाला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या आठवणीत गाणं होतं, तिथं साऊंडवाल्याच्या शेजारी तिला बसू द्या. सांगलीत नाटकं येतात, त्या साऊंडवाल्या काकांबरोबर केबल गुंडाळायलाही जाऊ दे. रात्री उशीर होईल, मुलगी आहे, तुम्हाला काळजी वाटणार, ती बरोबरच आहे, पहिले काही दिवस तुम्ही स्वतः सोबत जा. गवयांना तुम्ही ओळखताच, ओळख करून द्या.

पोट भरतं का? भरतं, पण उशिरा आणि एका कामावर नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं असिस्टंट म्हणून फार कमी पैशात जातात, काही ठिकाणी फुकट राबवून घेतात. जे टिकतात ते लाईव्ह साऊंड, डबिंग, जाहिराती, पॉडकास्ट, ऑडिओबुक असं सगळं करत करत गाण्यांच्या मिक्सिंगपर्यंत येतात. महिन्याला ठरलेला पगार हवाच असेल तर हा रस्ता त्रास देईल, हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा. बीएस्सी हातात असली की पडत्या काळात शिकवणीचा तरी आधार राहतो. आणि ते साडेतीन लाख बँकेत ठेवा, दीड वर्षाने एफटीआयआय नाही जमलं आणि तिचा सराव टिकलेला दिसला तर तेव्हा चांगला कोर्स शोधू, मी मदत करीन. पण जी संस्था दुसऱ्या वर्षातल्या मुलीला पदवी सोडून ये म्हणते तिच्यावर माझा विश्वास नाही.

एक काम मात्र याच महिन्यात करा, तिची कानाची तपासणी, ऑडिओमेट्री. मिरजेत हॉस्पिटलांना काय तोटा. रात्री दोनपर्यंत हेडफोन म्हणजे कानावर अत्याचार आहे, ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ९४ ला जेमतेम एक तास. रिपोर्ट आला की मला कळवा, आणि तिचं पहिलं फेडरवालं मिक्सही पाठवायला सांगा, मी त्या पुण्याच्या विद्यार्थ्याला ऐकवते.