समकालीन समलिंगी प्रेमकादंबऱ्या कशामुळे भावतात आणि कशामुळे निराश करतात?
दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी भावते की निराश करते, हे माझ्या मते त्यांच्यातली ओढ लेखकाने दाखवली आहे की नुसती सांगितली आहे, यावर ठरते. दमून झोपलेल्या जोडीदाराचा चष्मा एकाने अलगद काढून ठेवावा, एवढ्या प्रसंगातून जे पोहोचते ते पानभर शृंगारवर्णनातून पोहोचेलच असे नाही. सुखान्तालाही मी उथळ मानत नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९१३-१४ मध्ये लिहिलेली ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची सुखान्त कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली, इतके असा शेवट छापणे तेव्हा अवघड होते. खरी निराशा होते ती दोन वाक्यांत मिटेल असा गैरसमज केवळ पाने वाढवण्यासाठी ताणला जातो तेव्हा, किंवा नायकांना मित्र, नोकरी, घरची माणसे असे काहीच नसते तेव्हा.