अन्ननलिकेचा कर्करोग : कोणते यंत्र, किती डोस?

प्रश्न : माझे वडील ६३ वर्षांचे असून सूतगिरणीतून निवृत्त झाले आहेत, तंबाखूची सवय जुनी आहे. भाकरी घशाखाली उतरेनाशी झाली म्हणून दुर्बिणीने तपासणी केली, तेव्हा अन्ननलिकेच्या मधल्या भागात स्क्वॅमस प्रकारचा (आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा) कर्करोग निघाला. डॉक्टरांनी पाच आठवडे केमो व शेक (किरणोपचार) एकत्र आणि नंतर शस्त्रक्रिया सुचवली आहे. नातेवाईक मात्र मुंबईला नेऊन प्रोटॉनचा (नेहमीच्या क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांच्या झोताचा), जास्त डोसाचा शेक द्या, असा आग्रह धरतात. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या डॉक्टरांनी सुचवलेला मार्ग जगभर मान्य आहे. नेदरलँड्समधील ‘क्रॉस’ चाचणीत (२०१२) २३ वेळा मिळून ४१.४ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजण्याचे एकक) किरण आणि दर आठवड्याला केमो देऊन मग शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ४९ महिने भरले. नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांचे ते २४ महिने होते. स्क्वॅमस प्रकारात तर जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या काढलेल्या अन्ननलिकेत कर्करोगाची एकही पेशी उरली नव्हती.

जास्त डोसाचा आग्रह सोडावा. शस्त्रक्रियेविना उपचार करताना ५०.४ ग्रेऐवजी साठाच्या पुढे जाऊन अमेरिकेत आणि पुढे नेदरलँड्समध्येही पाहिले गेले, पण त्याने रुग्ण अधिक जगले नाहीत.

खरी सुधारणा नेमकेपणात झाली आहे. अन्ननलिकेला हृदय, फुप्फुसे आणि मज्जारज्जू खेटून असतात, आणि पूर्वीच्या रुंद झोतांत तेही भाजून निघत. आयएमआरटी व (यंत्र रुग्णाभोवती फिरवून किरण देणाऱ्या) व्हीमॅट या पद्धतींत झोताची तीव्रता जागोजागी बदलता येते. श्वासाबरोबर गाठ किती हलते हे फोरडी सीटीवर (श्वासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांची चित्रे घेणाऱ्या स्कॅनवर) आधीच मोजले जाते, आणि उपचाराच्या टेबलावरच सीटी काढून रुग्णाची स्थिती जुळवली जाते. वडिलांना दोन्ही हात डोक्यामागे घेऊन निजवतील व छातीवर शाईच्या खुणा करतील. आंघोळीत त्या पुसल्या जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. प्रोटॉनची सोय नवी मुंबईत खारघरच्या टाटा केंद्रात आहे. अमेरिकेतील २०२० च्या एका चाचणीत प्रोटॉनमुळे दुष्परिणाम कमी झाले, मात्र आजार आटोक्यात ठेवण्यात तो आयएमआरटीहून सरस ठरला नाही. तेवढ्यासाठी उपचार लांबवणे मला तरी पटत नाही. आयएमआरटीची सोय, अनुभवी शल्यचिकित्सक आणि रोज जाता येईल असे अंतर या तीन गोष्टी जिथे जुळतील तिथे, सोलापुरात वा बार्शीत, लवकर सुरुवात करावी.

सुरू केलेला शेक मध्येच खंडित होऊ देऊ नये, कारण या प्रकारच्या पेशी खंडाच्या काळात वेगाने वाढू लागतात, आणि खंड पडतो तो बहुधा खाण्यावरूनच : दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अन्ननलिका आतून सोलवटते, पाणी गिळतानाही आग होते, वजन घटते आणि रुग्ण ‘चार दिवस थांबू’ म्हणतो. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वाफाळता चहा आधीपासूनच बंद करून पातळ वरणभात, नाचणीची पेज, दूध व अंडी सुरू करावीत. तेही उतरत नसेल तर नाकातून किंवा पोटातून नळी घालायला घरच्यांनी नकार देऊ नये. तंबाखू आजपासूनच सुटली पाहिजे.

शेकानंतर गाठ दिसेनाशी झाली तर शस्त्रक्रिया टाळून केवळ लक्ष ठेवण्याचा पर्यायही अलीकडे अभ्यासला गेला आहे. पण त्यासाठी ठरावीक काळाने दुर्बीण, बायोप्सी व स्कॅन न चुकता करावे लागतात, त्यामुळे तो निर्णय शल्यचिकित्सकांशी बोलूनच घ्यावा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड व आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रांना (योजनेच्या मदतनिसांना) पहिल्याच भेटीत भेटावे, म्हणजे मंजुरीसाठी सुरुवात अडणार नाही.