फरशी करायच्या आधी जुनी जमीन वाजवून बघ

उद्यमनगरातल्या तुमच्या शेडची जमीन उखडलीय म्हणतोस, तर लगेच वरनं कोबा मारू नकोस. आधी हातोडीनं सगळी जमीन वाजवून काढ. बद्द, पोकळ आवाज येईल तिथं खडूनं गोल कर; तेवढं फोडायचंच.

खरा शत्रू तेल. वडिलांच्या काळापासून लेथखाली कूलंट आणि ऑईल मुरलंय. पाण्याचे चार थेंब टाक. मोत्यासारखे तसेच बसून राहिले, तर तिथं नवीन काँक्रीट धरणार नाही. नुसतं घासून भागत नाही, काळा थर ब्रेकरनं काढून खालचं करडं, कोरडं काँक्रीट दिसेपर्यंत जायचं. मी एकदा घाई केली आणि दीड वर्षात पापुद्रे सुटले. अजून वाईट वाटतं.

इपॉक्सीचा, म्हणजे जमिनीवर द्यायच्या रेझिनच्या लेपाचा, विचार असेल तर जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून २४ तास ठेव. खाली घाम धरला तर ओल आहे. आपल्याकडच्या पावसात हे तपासल्याशिवाय पैसे घालू नकोस.

जिथं जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचे लोखंडी तुकडे, आपटतात तिथं एम३० ताकदीच्या प्रतीचं काँक्रीट आणि वर हार्डनर, म्हणजे पृष्ठभाग टणक करणारी पूड. किमान ७ दिवस ओली पोती; पूर्ण ताकद धरायला २८ दिवस धर. भेग ठरल्या जागीच पडावी म्हणून जोडाच्या खाचा काँक्रीट टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी मारून घे, उशीर झाला की भेग स्वतःची वाट शोधते.

अर्धी शेड चालू ठेवून अर्धी कर, म्हणजे ऑर्डरी थांबणार नाहीत. मशीन परत बसवताना लेव्हल नव्यानं काढ.