परदेशी जोडीदार, ऑनलाइन ओळख: वाचकांचे प्रश्न

‘परदेशातल्या माणसाशी ऑनलाइन ओळख झाली, आता पुढे काय?’ अशी पत्रं सतत येतात. घोळ तेच ते असतात, म्हणून काहींना इथे एकत्र उत्तरं देते.

तो जर्मनीत इंजिनिअर आहे म्हणतो. दोन महिने चॅटिंग चालू आहे, पण कॅमेरा बिघडल्यामुळे व्हिडिओ कॉल करत नाही. वाट पाहू का?

नको.

एक एजन्सी पाच हजारांत इंग्रजी प्रोफाइल लिहून देते. घ्यावं का?

पैसे वाया जातील. दुसऱ्याचं इंग्रजी पहिल्याच कॉलवर उघडं पडतं. साधं, स्वतःचं लिहा. फोटो अलीकडचा लावा. घटस्फोट, मुलं, आईवडिलांची जबाबदारी, देश सोडायची तयारी हे सगळं आधीच सांगा. प्रतिसाद कमी येतील, पण कामाचे येतील.

स्कॉटलंडच्या ‘डॉक्टर’ने बहिणीला आयफोन आणि पाउंड पाठवलेत. दिल्ली कस्टम्समधून फोन आला, तिने ३५,००० भरले. आता ‘मनी लाँडरिंग सर्टिफिकेट’चे सव्वा लाख मागतात. अटक होईल का?

होणार नाही, आणि यापुढे एक रुपयाही भरू नका. असलं सर्टिफिकेट नसतंच. खऱ्या पार्सलचं शुल्क पोस्ट किंवा कुरिअर कंपनीमार्फत, पावती घेऊन भरायचं असतं. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये वर सरकारी शिक्का आहे आणि खाली कुणा बाईचं बचत खातं! कस्टम्सच्या पत्रावर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. इथे तोही नाही.

मला त्याहून लागली ती तुमची शेवटची ओळ: ‘नाचक्की नको म्हणून दहा दिवस गप्प बसलो.’ या टोळ्या त्या लाजेवरच जगतात. पैसे भराभर एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवतात. तक्रार लगेच गेली तर ते वाटेतच गोठवता येतात, दहा दिवसांनी अवघड होतं. तरीही आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला लेखी कळवा, चॅट पुसू नका. ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा कुणी आता भेटेल, त्यालाही फी देऊ नका. बहिणीला बोल लावू नका. सायबर पोलिसांकडे जाताना तिच्यासोबत जा.

मित्र अमेरिकन नागरिक आहे. एजंट म्हणतो, न भेटताही फियान्से व्हिसा होतो.

ऐकीव गोष्टींवर पैसे टाकू नका. के-१ व्हिसाचा (लग्न ठरलेल्या जोडीदारासाठीचा हाच तो फियान्से व्हिसा) अर्ज करण्याआधीच्या दोन वर्षांत तुमची प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते. सवलत फार क्वचित मिळते. तिथे पोचल्यावर ९० दिवसांत लग्न करावं लागतं. आधी भेटा, तिकिटं आणि फोटो जपून ठेवा, मग इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या.

तो तीन आठवड्यांच्या सुट्टीवर पुण्यात येतोय. तेवढ्यात नोंदणी विवाह उरकेल का?

नोटीस आधी गेली नसेल तर नाही. विशेष विवाह कायद्यात नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं. तो अविवाहित असल्याचा दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूम त्याच्या देशातून आणावा लागेल. नोटीस कशी द्यायची, कोणत्या कागदावर अपोस्टिल (कागद खरा असल्याची त्याच्या देशाची अधिकृत मोहर) हवं, हे विवाह नोंदणी कार्यालयात विचारून या. त्याचं तिकीट त्यानंतर काढा.