पार्किंगचा पैसा आणि बाबांची पेन्शन

प्रश्न : माझे बाबा महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात ३१ वर्षं नोकरी करून रिटायर झाले. परवा गल्लीत एकजण म्हणाला, ह्यांच्या पेन्शनीतच सगळा पैसा जातोय म्हणून कोल्हापुरात महाद्वार रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही. बाबा काही बोलले नाहीत, चहाचा कप तसाच ठेवून आत गेले. खरंच असं असतं का ओ?

उत्तर : ताई, आधी बाबांना सांगा, मान खाली घालायची काहीच गरज नाही. पेन्शन म्हणजे काय उपकार नव्हे, सुप्रीम कोर्टानं १९८२ सालीच नकारा केसमध्ये हे स्पष्ट केलंय, ती केलेल्या नोकरीची कमाई आहे, आणि निकाल १७ डिसेंबरचा म्हणून तो दिवस पेन्शनर्स डे म्हणून पाळतात.

आता पैशाचं. पार्किंगची फी असो नाहीतर घरफाळा, सगळं महापालिकेच्या तिजोरीत येतं आणि पगार, पेन्शन, रस्ते तिथूनच भागवायचं, त्यामुळं ओढाताण होते हे खरं, पण म्हाताऱ्या माणसाकडं बोट दाखवून अंबाबाईच्या दारात जागा वाढणार आहे का? तिथले रस्ते जुन्या पेठांतले, अरुंद, सणाला तर बाहेरगावच्या गाड्यांनी पार भरून जातात. गाड्या बिंदू चौकासारख्या ठिकाणी लावून लोकांनी पुढं चालत जावं, हाच मार्ग मला पटतो.

शिवाय १ नोव्हेंबर २००५ पासून राज्यात सरकारी नोकरीत नव्यानं लागलेल्यांना जुनी पेन्शन सरसकट नाहीच, त्यांच्या पगारातूनही वर्गणी कापली जाते. त्या गल्लीतल्या माणसाला हे जरूर सांगा.