वाचक विचारतात : आरशातलं औषध, आरशाबाहेरचा डोस

प्रश्न : दरवर्षी बकऱ्यांना जंताचं टेट्रामिसोल पाजतो. यंदा दुकानात लिव्हामिसोल मिळालं. दुकानदार म्हणतो, "एकच औषध हाये, तेवढंच पाजा." खरं काय?
– एक पशुपालक, आर्णी तालुका

तेवढंच पाजू नका. दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं आहे. टेट्रामिसोलमध्ये एकाच रेणूची दोन रूपं निम्मी-निम्मी असतात, डाव्या-उजव्या हातासारखी एकमेकांची आरशातली प्रतिमा. त्यातलं डावं रूप जंताच्या स्नायूंना आखडवतं, मग जंत आतड्याला धरून राहू शकत नाही आणि शेणावाटे बाहेर पडतो. उजवं रूप जंतावर जवळजवळ काहीच करत नाही, बकरीला होणाऱ्या विषबाधेत मात्र भर घालतं. लिव्हामिसोल म्हणजे वेगळं काढलेलं डावं रूप.

म्हणून टेट्रामिसोल किलोला 15 मिलिग्रॅम, तर लिव्हामिसोल 7.5 मिलिग्रॅम धरतात. 20 किलोच्या बकरीला पहिलं 300, दुसरं 150. टेट्रामिसोलची 30 टक्के पावडर असेल तर 300 मिलिग्रॅम म्हणजे 1 ग्रॅम पावडर. लिव्हामिसोलच्या बाटलीवर "दर मिलीला 75 मिग्रॅ" लिहिलं असेल तर 2 मिली. जुन्या हिशेबानं 4 मिली पाजलं की दुप्पट डोस गेला. मग लाळ गळते, अंग थरथरतं, बकरी सारखी मुतते-हगते, धाप लागते. असं दिसलं की थांबू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा. गोचिडासाठी ऑर्गॅनोफॉस्फेट औषध त्याच पंधरवड्यात वापरलं असेल तर धोका वाढतो, तेव्हा तेही सांगा.

बकरीच्या शरीरातून हे औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर पडतं, म्हणून डॉक्टर कधी डोस वाढवूनही देतात. तो निर्णय त्यांचा. तुमचं काम वजन नीट घेण्याचं. बकरी कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. नजरेच्या अंदाजात चार-पाच किलोची चूक सहज होते. पाजताना तोंड फार वर उचलू नका, औषध फुफ्फुसात जातं. दूध-मांस किती दिवस वापरायचं नाही, तेही लेबलवर पाहून घ्या.

प्रश्न : वडिलांना बीपीसाठी अॅम्लोडिपिन 5 चालू होतं. आता एस-अॅम्लोडिपिन 2.5 लिहून दिलं. गोळी कमी ताकदीची वाटली म्हणून ते दोन घेतात. चालेल का?
– एक वाचक, समुद्रपूर

नाही. हिशेब वरचाच आहे. अॅम्लोडिपिनच्या 5 मिलिग्रॅममध्ये काम करणारं 'एस' रूप 2.5 मिलिग्रॅमच असतं. दोन गोळ्या म्हणजे जुन्या 10 ची बरोबरी. पायावर सूज, चक्कर, बीपी फार उतरणं, हे त्यातून होऊ शकतं. आजपासून लिहून दिल्याप्रमाणे एकच द्या आणि बीपी मोजून डॉक्टरांना कळवा. सर्दी-खाजेच्या गोळीचंही असंच आहे : सेटिरिझिन 10, तर लिव्होसेटिरिझिन 5. झोप मात्र दोन्हींनी येऊ शकते. 'लिव्हो' लिहिलं म्हणजे निर्धोक, हा समज मेडिकलच्या काउंटरवरच सोडून यावा.

अर्ध्याचा हा नियम प्रत्येक औषधाला लावू नका. आयबुप्रोफेन या वेदनाशामकाचं निरुपयोगी 'आर' रूप शरीरातच बऱ्याच प्रमाणात उपयोगी 'एस'मध्ये बदलतं.

प्रश्न : दोन्ही रूपांचं सूत्र एक, वितळणबिंदू एक. मग शरीराला फरक कळतो कसा? संत्र आणि लिंबाचा वेगळा वास यामुळेच ना?
– बारावीचा विद्यार्थी, मोर्शी

उजव्या हाताचा विळा डावखुऱ्याला देऊन पाहा. लोखंड तेच, धार तीच, पण कापणी अडते, कारण हातालाही बाजू आहे. आपली प्रथिनं एकाच बाजूच्या, 'एल' अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यामुळे औषध जिथे बसतं त्या खोबणीलाही बाजू असते. वितळणबिंदूला बाजू नसते, म्हणून तिथे फरक दिसत नाही. ध्रुवित प्रकाश (एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश) मात्र एक रूप उजवीकडे वळवतं, दुसरं डावीकडे. पाश्चरनं 1848 मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्यानं वेगळे केले होते. 'लिव्हो' हे नाव या डावीकडे वळण्यावरून आलं. 'आर' आणि 'एस' अणूंच्या मांडणीवरून ठरतात, म्हणून लिव्होसेटिरिझिन हे 'आर' असतं. परीक्षेत इथेच गोंधळ होतो.

संत्रा-लिंबाचं उदाहरण पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं, पण ते चूक आहे. तुमच्या मोर्शीच्या संत्र्याच्या सालीत आणि लिंबाच्या सालीत मुख्यतः लिमोनीन या सुगंधी द्रव्याचं एकच, उजवं रूप असतं. लिंबाचा खास वास सिट्रल या दुसऱ्या द्रव्याचा. खरं उदाहरण हवं असेल तर कार्व्होन घ्या : स्पेअरमिंट पुदिन्याच्या तेलात त्याचं डावं रूप असतं, बाळंतशेपात उजवं. दोन्ही शेजारी ठेवून हुंगा, नाकातल्या खोबणीलाही बाजू असते हे तिथेच कळेल.